सूर्याची कोर आणि पारावरची कबुली

परवा कळंबहून धाराशिवला येत होते. एसटीत माझ्या पुढच्या बाकावर दोघी बसल्या होत्या. एक पन्नाशीची, दुसरी तिची सून असावी, पोटुशी होती. ग्रहणाचा विषय निघाला आणि सासू समजावायला लागली, "पाळावं लागतंय बाई. तिकडं एका गावात शाळंच्या बाईनं पाळू दिलं न्हाय, तर लेकराचा ओठ फाटका निघाला. उगं म्हणत न्हाय म्या. त्या बाईनं सवताच्या तोंडानं कबूल केलं, पाराव, समद्या गावासमोर. शिकलेली हुती, विज्ञान शिकवायची." सुनेनं मान डोलावली. मी मागं बसून खिडकीबाहेर बघत राहिले. ती शिकलेली बाई मी.

दिवाळी अंकासाठी अनुभव लिहा म्हणून मला निरोप आला, तेव्हा संपादकांच्या मनात बहुतेक वेगळं काही असणार. मोठे झालेले विद्यार्थी, रस्त्यात पाया पडणारे, बाईंमुळं घडलो म्हणणारे. तसले माझ्याकडंही आहेत. पण ते कौतुक इतर लोक लिहितील. माझ्या डोक्यात त्या एसटीपासून एकच गोष्ट घोळते आहे.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत सहावी-सातवीला विज्ञान आणि भूगोल शिकवत होते. त्यातही माझा जीव आभाळावर. पुस्तकात एक ओळ असते, ग्रह, तारे आणि चंद्र गोलाकार असतात. पोरं ती पाठ करतात. मग विचारावं, का असतात गोल, चौकोनी का नाहीत, तर सगळा वर्ग माझ्याकडं असा बघणार, जसं काही मी त्यांच्या आईला नावं ठेवली. त्यामुळं मी ती ओळ वाचायचेच नाही. पोरांना मैदानात न्यायचे.

आमच्या मैदानात एक लोखंडी खांब होता. कधीकाळी दिव्यासाठी रोवलेला, दिवा काही कधी लागला नाही. मी म्हणायचे, शिट्टी वाजली की प्रत्येकानं खांबाच्या जितकं जवळ जाता येईल तितकं जायचं. बास, एवढाच नियम. शिट्टी वाजली की झुंबड उडायची. ढकलाढकली, रडारड, कुणाचं बटण तुटायचं. जरा वेळानं सगळे गच्च थांबले की मी एकाला शाळेच्या जिन्यावर चढवून विचारायचे, वरून काय दिसतंय रे? तो म्हणायचा, बाई, गोल दिसतोय. गोल करा असं कुणीच सांगितलं नव्हतं. सगळ्यांना मध्याकडं जायचं असलं की गोलच होतो, दुसरं काही होऊच शकत नाही. पृथ्वीचं तेच झालंय. मग मी फक्त चौघांना खांबाकडं सोडायचे. चौघांचा काही गोल होत नाही, एक हात इकडं, एक कोपर तिकडं. लहान दगडधोंडे आभाळात फिरतात ते असे वेडेवाकडे का, हेही तिथंच कळायचं. हे शिकवायला खांब लागतो आणि पोरं लागतात, बाकी काही लागत नाही.

एकदा हे चालू असतानाच तपासणीला साहेब आले. धुळीत सगळा वर्ग एकमेकांच्या उरावर. त्यांनी विचारलं, "मॅडम, हा कोणता खेळ?" मी म्हटलं, "साहेब, पृथ्वी गोल होतेय." त्यांनी थोडा विचार केला आणि म्हणाले, "छान उपक्रम आहे. फोटो ग्रुपवर टाकायचा आहे, तेवढं पोरांना एका रांगेत उभं करा." केलं उभं. त्या फोटोखाली उपक्रमाचं नाव होतं आणि पोरं सरळ रेघेत होती. मला त्या फोटोबद्दल अभिनंदनाचे मेसेज आले.

लिंबांचीही अशीच गंमत. चंद्राचा अर्धा भाग कायम उजेडातच असतो, आपल्याला मात्र कधी कोर दिसते, कधी अर्धा, कधी पुरा. हे हातात धरून फिरवल्याशिवाय कळत नाही. शाळेत चेंडू नव्हते, परसबागेत लिंबं भरपूर होती. प्रत्येकाला एक लिंबू दिलं, अर्ध्याला तव्याची काजळी फासायला लावली. पिवळा तो उजेड, काळा तो अंधार. पोरं लिंबू फिरवून बघत बसली, अमावस्या झाली, अष्टमी झाली, पुनव झाली. शाळा सुटल्यावर घरी जाताना त्यांनी ती लिंबं तिवठ्यावर, तीन वाटा मिळतात तिथं, टाकून दिली. काजळी फासलेली, ढीगभर, तिवठ्यावर. आता आमच्या भागातल्या माणसाला याचा अर्थ सांगावा लागत नाही. दुसऱ्या दिवशी सरपंच प्लॅस्टिकच्या पिशवीत ती लिंबं घेऊन शाळेत आले. पिशवी अंगापासून हातभर लांब धरलेली. "बाई, हे काय हाय?" मी म्हटलं, "चंद्र आहे." त्या दिवशी मी लई हसले. पुढं पदरच्या पैशानं रबरी चेंडू आणले. शनिवारच्या सकाळच्या शाळेत, वद्य अष्टमीच्या आसपास, पश्चिमेला चंद्र असतोच. पोरांना म्हणायचे, उन्हात उभे राहा आणि चेंडू त्या चंद्राच्या शेजारी धरा. चेंडूवर उन्हाचा जेवढा आकार दिसतो, तेवढाच आकार चंद्राचा. हे पहिल्यांदा बघणारं पोरगं गप्प होतं. मला त्या गप्पपणाचं व्यसन होतं, खोटं कशाला बोलू.

आता त्या ग्रहणाकडं येते. गाव कळंबच्या जवळचं, नाव देत नाही, तिथं ती माणसं अजून राहतात.

येळवस म्हणजे आमच्याकडचा मोठा सण. मार्गशीर्षातल्या अमावस्येला सगळं गाव शेतात जातं, कडब्याच्या पेंढ्यांची कोप करतात, आत पाच दगडांची पूजा, उंडे, भज्जी, आंबील. त्या वर्षी नेमकं अमावस्येच्या सकाळी सूर्यग्रहण आलं. गावात बैठका झाल्या, आणि पूजा आदल्या दिवशीच उरकायची असं ठरलं. त्यामुळं ग्रहणाच्या सकाळी शेतं रिकामी आणि कोपी मात्र तशाच उभ्या. शाळेच्या मागंच आबांचं शेत होतं. आबा म्हणजे गावातलं वजनदार माणूस, त्यांची बायको गोदाकाकू आमच्या शाळेत खिचडी शिजवायच्या. आबांना विचारून मी पोरांना त्यांच्या कोपीत बोलावलं. आबा म्हणाले, "तुमी न्या, पण आमच्या घरातलं कुणी येणार न्हाय." निम्मी पोरं आली, तीही घरच्यांच्या नजरा चुकवून.

सूर्याकडं कुणालाच बघू दिलं नाही. बघायचं खाली, जमिनीवर. कुठल्याही बारक्या फटीतून ऊन आलं की जमिनीवर सूर्याचंच चित्र पडतं. एरवी झाडाखाली गोल कवडसे पडतात ते याच कारणानं गोल असतात, पण कुणी लक्ष देत नाही. त्या सकाळी कडब्याच्या फटींतून जमिनीवर कवडसे पडले होते, आणि प्रत्येक कवडसा कोरीचा. पाच दगडांवर कोरी, पोरांच्या हातांवर कोरी, श्रावणीच्या परकरावर कोरी. श्रावणी म्हणजे सातवीतली माझी सगळ्यात तिखट पोरगी. ती म्हणाली, "बाई, सूर्याला चंद्रानं झाकलं, तर त्याचा आकार बदलला का?" मी म्हटलं, "तूच सांग." ती म्हणाली, "न्हाय बदलला. आडवं आलंय नुसतं." मला इतका आनंद झाला की काय सांगू.

तेवढ्यात कोपीच्या तोंडाशी संगीता उभी राहिली. आबांची सून. ईट गावची. ईटच्या शाळेत मी आधी होते, तिथं ती माझीच विद्यार्थिनी, खांबाऐवजी तिथं कडुलिंबाच्या झाडाभोवती तिनं पृथ्वी केली होती. तिला सातवा महिना होता. सासूनं तिला सकाळपासून खोलीत बसवलं होतं, विळी नको, सुई नको, पाणी नको, झोप नको. तिला पोरांचा आवाज आला आणि ती मागच्या दारानं सरळ निघून आली. "बाई, मला बी बघू द्या की." मी म्हटलं, "ये, बस. काही होत नाही." ती बसली. तिच्या पोटावर कोरी पडल्या होत्या, आणि ती त्याच्याकडं बघून हसत होती. गोदाकाकूंनी शाळेच्या कुंपणातून ते बघितलं. आणि त्या परत फिरल्या.

दोनेक महिन्यांनी संगीताला मुलगा झाला. वरचा ओठ दुभंगलेला, आत टाळूपर्यंत.

दवाखान्यातल्या डॉक्टरांनी सगळ्यांना समजावलं, मी स्वतः तिथं होते. पोटातल्या बाळाचा ओठ पहिल्या तीन महिन्यांतच जुळत असतो. नाही जुळला तर तेव्हाच राहून जातो. ग्रहण झालं तेव्हा सातवा चालू होता. म्हणजे त्या सकाळी संगीता घरात बसली असती, चुलीपाशी बसली असती, देवळात बसली असती, तरी हाच ओठ घेऊन बाळ आलं असतं. ऑपरेशन करून ओठ नीट होतो, बाळाचं वजन वाढलं की करू, असंही ते म्हणाले. गोदाकाकू ऐकत होत्या. बाहेर आल्यावर त्या इतकंच म्हणाल्या, "ग्रहणानं चिरलंय. म्या डोळ्यानं बघितलंय तिच्या पोटाव चिरा पडलेल्या."

त्या कोरी. मी पोरांना ज्या दाखवत होते त्या.

संगीताला बाळासकट माहेरी धाडलं. सासूचं ऐकलं नाही, उंबरा ओलांडला, भोगू दे. तिचा नवरा पुण्याला गाडी चालवायचा, तो फोनवर आबांच्या पुढं शब्द काढत नव्हता. ऑपरेशनला आबांनी सरळ नाही म्हटलं. ग्रहणानं दिलंय, त्याला शस्त्र लावायचं नाही. आणि सही करायला, सोबत जायला नवऱ्याकडचं कुणी नाही म्हटल्यावर ईटच्या लोकांनाही पुढं होता येईना. बाळाला चोखता येत नव्हतं. चमच्यानं दूध पाजायचं, निम्मं नाकातून बाहेर. वजन वाढण्याऐवजी घटत होतं.

मी आबांकडं गेले. आबा वाईट माणूस नव्हते, हेच अवघड होतं. शाळेला पाण्याची टाकी त्यांनी दिली होती, पोरींना सातवीनंतर शाळेतून काढू नका म्हणून घरोघर माझ्याबरोबर फिरले होते. त्यांनी मला पाणी दिलं, सगळं ऐकून घेतलं. डॉक्टरांचं म्हणणं मी दोनदा सांगितलं. ते म्हणाले, "बाई, डाक्टर शरीराचं बोलतोय. म्या घराचं बोलतोय. सून सासूला न जुमानता भाईर पडली, आन लेकरू असं झालं. तिला तशीच घरात घेतली तर भावकीत माझं काय ऱ्हातंय?"

मग एक दिवस संगीताचा भाऊ महादेव शाळेत आला. मधल्या सुट्टीत, दाराशी उभा. म्हणाला, "बाई, आबा तयार झालेत. बहिणीला घेऊन जाणार, लेकराला दवाखान्यात ठिवून वजन वाढीवणार, आप्रेशन बी करणार. पण त्यांना भावकीत तोंड पायजे. तुमी पाराव येऊन सांगायचं, का ती येत नव्हती, तुमीच तिला बोलावून नेली. ग्रहणाचं तुमी मानलं न्हाय, तुमच्यामुळं झालं. एवढं म्हणलं की सुनेवरचा बोल उतरतोय."

दोन वाक्यं, दोन्ही खोटी. मी त्याला म्हटलं, "महादेव, मी हे म्हटलं तर उद्यापासून या गावात मी काय शिकवायचं?" तो खाली बघत म्हणाला, "बाई, तुमचं बरोबर हाय. पण ल्योक मरल ना ओ."

त्याच दिवशी मी ईटला गेले. संगीता ओसरीवर बाळाला पाजत बसली होती. चमचा, वाटी, फडकं. महादेवनं काय सांगितलं ते तिला ठाऊक होतं. ती म्हणाली, "बाई, तुमी तसं म्हणू नका. म्या माझ्या पायानं आले हुते. तुमी पोरांसमोर काय तोंड दाखवाल?" मी तिच्याशेजारी बसले. तिनं बाळाचं तोंड पुसलं, परत एक चमचा दिला, तोही बाहेर आला. मग माझ्याकडं न बघता म्हणाली, "पण काय ते लवकर ठरवा. ह्याला दूध पुरंना."

शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर पारावर माणसं जमली. आबा, भावकीतले, बायका लांब देवळाच्या भिंतीला. आणि शाळा सुटलेली असल्यामुळं माझी पोरं. ती पुढं येऊन मांडी घालून बसली, वर्गात बसतात तशी. मी आबांना म्हटलं, पोरांना घरी जाऊ द्या. आबा म्हणाले, "ऱ्हाऊ द्या की, त्यांना बी कळू द्या."

मी उभी राहिले आणि म्हणाले, संगीता येत नव्हती, मीच तिला हट्टानं बोलावलं. ग्रहण मानलं नाही, ती चूक माझी. बाळाचा ओठ त्यानंच गेला. आवाज कापला नाही, शिक्षकाचा आवाज असतो, मागच्या रांगेपर्यंत गेला. आबा म्हणाले, "झालं. बाईनं मोठ्या मनानं कबूल केलं." गोदाकाकू रडायला लागल्या. कुणीतरी मारुतीपुढं नारळ फोडला, मला खोबऱ्याचा तुकडा दिला. मग चहा आला, आणि पहिला कप मला दिला. आबांवरचा राग माझा केव्हाच कमी झाला, त्यांना त्यांचं घर सांभाळायचं होतं. त्या चहाचा राग मात्र अजून जात नाही. मी तो प्यायले, सगळ्यांना बरं वाटावं म्हणून प्यायले.

संगीता रविवारी घरी आली.

सोमवारी मी सातवीच्या वर्गात गेले. नेमका धडा तोच चालू होता, आणि टाळून पुढचा घ्यावा इतकी भित्री मी तोवर झाले नव्हते. मी विचारलं, ग्रहणात सूर्य कोरीसारखा का दिसतो? नेहमी सगळ्यांचे हात वर जायचे. त्या दिवशी एकटी श्रावणी उठली. म्हणाली, "चंद्र आडवा येतो म्हणून. आकार बदलत न्हाय." मी म्हटलं, बरोबर. ती बसली नाही. म्हणाली, "बाई, नुसतं आडवं येतंय तर मग बाळाचा ओठ कसा फाटला?"

वर्गात सगळे माझ्याकडं बघत होते. दुसऱ्या बाकावर आबांची नात बसली होती. मी खरं बोलले असते तर मधल्या सुट्टीच्या आत ते त्या घरात पोचलं असतं. ऑपरेशन अजून व्हायचं होतं. उत्तर माझ्या तोंडात तयार होतं, तीन महिन्यांचं, सातव्या महिन्याचं, अगदी फळ्यावर काढून दाखवता आलं असतं. शिकवायला लागल्यापासून मला एखाद्या प्रश्नाचं उत्तर इतकं चांगलं कधी आलं नव्हतं.

मी म्हटलं, "श्रावणी, परीक्षेत पुस्तकातलं लिहायचं. मार्क मिळतात."

ती म्हणाली, "आन घरी?"

"घरी घरच्यासारखं."

ती खाली बसली. पुढं बाळाचं ऑपरेशन झालं, चांगलं झालं, पोरगं आता बोबडं न बोलता बडबड करतं, आणि ते बघून मला मनापासून बरं वाटतं. तेव्हा तरी वर्गाला खरं सांगायला हवं होतं, असं कुणी म्हणेल. संगीताला त्याच घरात राहायचं होतं, म्हणून मी नाही सांगितलं. श्रावणीनं वर्ष संपेपर्यंत मला एकही प्रश्न विचारला नाही. परीक्षेत सगळ्या वर्गानं पुस्तकातलं लिहिलं. त्या वर्षी विज्ञानाचा निकाल आमच्या केंद्रात सगळ्यात चांगला माझ्या वर्गाचा लागला, आणि शाळेनं माझा सत्कार केला.